कडेची घरं

"घड्याळं बंद करा पोरींनो," म्हैसकर सर म्हणाले. "चार तास झाले."

ड्रॉइंग हॉलमधल्या बाकीच्या पटांवरचे डाव केव्हाच संपले होते. खिडकीजवळचा एकच पट उरला होता आणि त्याच्याभोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती. पांढऱ्या सोंगट्यांमागे रेश्मा नदाफ बसली होती. जतहून पहाटेच्या एस.टी.नं आलेली, दहावीतली मुलगी. समोर केतकी होती, म्हैसकर सरांची शिष्या. दोघींचे गुण सारखे होते. जिल्ह्याच्या संघात मुलींची एकच जागा उरली होती आणि ती या डावावर ठरायची होती. रेश्मा जिंकली तर ती जाणार, बरोबरी झाली तर आधीच्या फेऱ्यांच्या हिशेबानं केतकी जाणार. सोळा वर्षांखालच्या गटातलं रेश्माचं ते शेवटचं वर्ष होतं.

पटावर दोघींचे राजे आणि सहा-सहा प्यादी उरली होती. प्यादी एकमेकांच्या छातीला छाती लावून अडकलेली. कुणाचंच प्यादं एक घरही पुढे सरकू शकत नव्हतं.

चार तासांत न संपलेल्या डावाचा निकाल पंचांनी द्यायचा, असा त्या स्पर्धेचा नियम होता. पंच म्हणजे म्हैसकर सर. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय सत्तरच्या आसपास, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी पटावर वाकून बराच वेळ पाहिलं.

"बोल रेश्मा. तुझं काय म्हणणं?"

"जिंकतीय सर मी. माझा राजा कडेनं आत जातोय."

"माझा राजा पोचतो अडवायला," केतकी म्हणाली.

"नाही पोचत. एक चाल कमी पडती तिला."

सरांनी बोटानं घरं मोजायला सुरुवात केली. मध्येच चुकले, परत मोजलं, चष्मा काढून पुसला. मग सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केतकी माझ्याकडे शिकते. मी बरोबरी दिली तर लोक म्हणतील शिष्येला दिली. रेश्माला डाव दिला तर म्हणतील, नाव राखायला आपल्याच पोरीवर अन्याय केला. इथं या कॉलेजच्या मुलीनं केलेला प्रोग्रॅम आहे. त्याला कुणी शिष्य नाही. तो सांगेल ते मी लिहीन. चालेल का दोघींना?"

केतकीनं मान हलवली. रेश्मानं माझ्याकडे पाहिलं. "चालेल," ती म्हणाली.

कॉलेजची ती मुलगी म्हणजे मी. सन शहाण्णव. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम हा माझा प्रोजेक्ट होता. त्या दिवशी हॉलच्या एका कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर मांडून आम्ही त्याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. आमचे विभागप्रमुख घोरपडे सर सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीन दाखवत होते. स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस दुपारी फोटो काढून गेला होता आणि निकालासाठी परत आला होता. दोनच दिवसांनी, मंगळवारी, पुण्याच्या एका कंपनीत माझी मुलाखत होती. अर्जात मी याच प्रोजेक्टबद्दल पानभर लिहिलं होतं.

माझा प्रोग्रॅम तसा काही फार हुशार नव्हता. पण अशा अडकलेल्या डावांत तो मोठमोठ्या प्रोग्रॅमना भारी पडायचा, असं मला वाटत होतं. बाकीचे प्रोग्रॅम चालीमागून चाली मोजत बसायचे आणि प्यादी मिळतायत की जातायत एवढंच बघायचे. माझा प्रोग्रॅम आधी एकच प्रश्न विचारायचा: राजाला पलीकडे जायला वाट आहे का? त्यासाठी मी फ्लड फिल वापरलं होतं. चित्रात एका जागी रंग ओतला की तो रेघेपर्यंत पसरतो, त्याची ती पद्धत. वाफ्यात पाणी सोडल्यासारखं. राजा उभा असेल त्या घरात पाणी सोडायचं. तिथून ते आठही बाजूंच्या घरांत जाणार. प्यादी म्हणजे बांध. शत्रूचं प्यादं जिथं मारू शकतं ती घरंही बांधच. पाणी पसरून पसरून थांबलं की बघायचं, पलीकडे पोचलं का? पोचलं तर पुढच्या चाली मोजायच्या. नाही पोचलं तर डाव बंद, बरोबरी. एका सेकंदात उत्तर.

मी रेश्माचा डाव मशीनवर मांडला. म्हैसकर सरांनी एकेक सोंगटी तपासली. मी बटण दाबलं. पांढऱ्या राजाच्या घरापासून पडद्यावर हिरवा रंग पसरत गेला, खालच्या तीन ओळी भरल्या आणि थांबला. खाली अक्षरं उमटली: वाट नाही. बरोबरी.

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. केतकीच्या आईनं तिला जवळ घेतलं. घोरपडे सर वर्तमानपत्राच्या माणसाला म्हणाले, "बघा, एक सेकंद. माणसाला अर्धा तास लागला असता, तरी वाद राहिलाच असता."

रेश्मा पुढे आली. ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली आणि तिनं उजव्या कडेवर बोट ठेवलं.

"ताई, ही कडेची घरं पांढरी का राहिली?"

उजव्या हाताचा शेवटचा उभा रकाना. वरपासून खालपर्यंत आठही घरं कोरडी.

"तिथं राजाला पोचता येत नाही, म्हणून," मी म्हणाले.

"का नाही येत?"

"काळ्या प्याद्यांचा मारा आहे ना."

ती पटाकडे वळली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तशीच बघत राहिली. म्हैसकर सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "छान खेळलीस," ते म्हणाले आणि निकालाच्या तक्त्यावर दोघींच्या नावांपुढे अर्धा-अर्धा गुण लिहिला. रेश्मानं सही केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि जतची गाडी पकडायला एकटीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आठ वाजता मी म्हैसकर सरांच्या दारात उभी होते. सर अंगणात आरामखुर्चीवर पेपर वाचत होते. पेपरात आतल्या पानावर माझा फोटो होता.

"ये मृणाल. प्रसिद्ध झालीस."

"सर, प्रोग्रॅममध्ये चूक आहे."

त्यांनी पेपर खाली ठेवला.

मी सांगितलं. पटाच्या उभ्या रकान्यांना मी शून्यापासून आकडे दिले होते, म्हणजे शेवटच्याचा आकडा सात. पाणी पसरवताना 'आठपेक्षा कमी' असं लिहायला हवं होतं, तिथं मी 'सातपेक्षा कमी' लिहिलं होतं. एक आकडा. त्यामुळं शेवटच्या रकान्यात पाणी कधी जायचंच नाही. मी जितके डाव घालून बघितले, त्या सगळ्यांत वाट मधून होती किंवा डावीकडून होती, त्यामुळं ते कधी उघड झालं नाही. आकडा दुरुस्त केल्यावर पाणी कडेनं वर चढलं आणि मग प्रोग्रॅमनं पुढच्या चालीही मोजल्या. रेश्मा म्हणाली होती तेच खरं होतं. काळा राजा एका चालीनं मागे पडत होता.

सर खुर्चीतून उठले. मग आत जाऊन एक सायक्लोस्टाइल केलेली नियमांची वही घेऊन आले.

"मलाच दिसायला हवं होतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं पट बघतोय. मोजता मोजता चुकलो आणि मशीनमागे लपलो. बरं. आता नियम ऐक. पंचाचा निर्णय अंतिम. निर्णयानंतर चूक सापडली तर निर्णय बदलत नाही. पण निर्णय देतानाच पंचाला किंवा त्याच्या मदतनिसाला चूक ठाऊक असेल, तर तो निर्णय रद्द. मग डाव तिथून पुढे खेळवायचा." त्यांनी वही मिटली. "तुझ्या कधी लक्षात आलं?"

"घरी गेल्यावर. संध्याकाळी तपासत होते, तेव्हा."

"मग अवघड आहे. तरीही लिही. जिल्हा बुद्धिबळ संघटनेकडे अर्ज करू. खेळाडूची सही लागते. ती तू स्वतः जाऊन आण, माणूस पाठवू नकोस."

मी तिथंच बसून अर्ज लिहिला. काय चुकलं, कसं चुकलं, सगळं. 'सदर चूक मला घरी गेल्यावर तपासणी करताना आढळली,' असं वाक्य घातलं आणि दहाच्या गाडीनं जतला गेले.

दस्तगीर नदाफांचं गाद्यांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये कापसाचा ढीग होता आणि नाका-तोंडाला फडकं बांधून एक बारकासा माणूस गादीला टाके घालत होता. मी नाव सांगितलं तसं त्यानं फडकं सोडलं, हात झाडले आणि आतून खुर्ची आणली.

"तुमीच व्हय त्या. पोरगी काल सांगत होती, कॉलेजच्या ताईंनी मशीनवर बघितलं म्हणून. बसा. रेश्मा, पाणी आण गं."

रेश्मा शाळेत गेली नव्हती. तिनं पाणी आणलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी दोघांना सगळं सांगितलं. सरांना सांगताना जेवढं सोपं गेलं होतं, तेवढं इथं गेलं नाही. आकड्याची गोष्ट दस्तगीरभाईंना कळणार नाही असं वाटून मी वाफ्याचं उदाहरण दिलं. शेवटच्या वाफ्याचं तोंड मीच चुकून बंद ठेवलं होतं, म्हणाले.

"म्हंजे पोरगी जिंकली हुती?"

"हो. ती म्हणत होती तेच बरोबर होतं."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी फडक्यानं तोंड पुसल्यासारखं केलं. "मीच शिकिवलं तिला," ते म्हणाले. "गिऱ्हाईक नसलं की हितंच पट मांडायचो. आता मला हरवती. दोन वर्सं झाली, एकदाबी जिंकलो न्हाई."

मी अर्ज पुढे केला. "हा अर्ज आहे. रेश्माची सही लागते. मंजूर होईलच असं नाही, पण सर म्हणाले प्रयत्न करू."

रेश्मानं कागद घेतला. दारातल्या उजेडात उभी राहून तिनं तो पहिल्यापासून वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. एका जागी बोट थांबलं.

"ताई, घरी गेल्यावर आढळली?"

"हो."

"काल हॉलमध्ये नाही?"

"नाही गं. घरी गेल्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. आदल्या दिवशी पडद्यासमोर बघितलं होतं, तसंच. "मी तेव्हा पटाकडं बघत नव्हते ताई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पट मला पाठ होता. मी तुमच्याकडं बघत होते."

दस्तगीरभाईंना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. ते चहा सांगायला बाहेर गेले होते आणि समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारत होते.

मी आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. रेश्मानं पडद्यावर बोट ठेवलं, त्याच क्षणी मला चूक दिसली होती. उजवीकडचं कोपऱ्यातलं घर पांढरं होतं. त्याच्या शेजारचं घर हिरवं होतं. दोन्हींच्या मध्ये प्यादं नव्हतं, मारा नव्हता, काहीच नव्हतं. शेजारच्या घरात पाणी असेल आणि मध्ये बांध नसेल, तर हे घर कोरडं राहूच शकत नाही. तो प्रोग्रॅम मी लिहिला होता. हे समजायला मला घरी जाऊन तपासायची गरज नव्हती. 'काळ्या प्याद्यांचा मारा आहे' असं मी म्हणाले, तेव्हा त्या कोपऱ्यापासून काळी प्यादी चार ओळी लांब होती, हे मला माहीत होतं. घोरपडे सर माझ्या मागे उभे होते. फोटोवाला कॅमेरा सरसावून होता. मला वाटलं, आत्ता नको. आत्ता एवढं निभावून न्यावं, मग शांतपणे बघू. दोन-तीन सेकंदांची गोष्ट होती.

आणि दस्तगीरभाईंच्या दुकानात त्या दोन-तीन सेकंदांचा प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आला. या वेळी घाई नव्हती, मागे कुणी उभं नव्हतं. माझ्या पर्समध्ये पेन होतं. एक वाक्य खोडायचं होतं आणि त्याच्या जागी एक लिहायचं होतं. ते लिहिलं असतं तर डाव पुन्हा बसला असता. पण मग ते वाक्य संघटनेत वाचलं गेलं असतं, कॉलेजात गेलं असतं, पेपरात आलं असतं. आणि मंगळवार उद्यावर आला होता.

"रेश्मा," मी म्हणाले, "तशी शंका मला तेव्हा आली असेल. पण खात्री नव्हती. खात्री नसताना कसं लिहिणार?"

तिनं दाराबाहेर पाहिलं. मला वाटलं, आता ही बापाला हाक मारेल, सांगेल. मी मनातल्या मनात त्याचीही तयारी केली.

"बरं," ती म्हणाली. "पेन द्या."

माझ्याच पेनानं तिनं सही केली. खाली पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. टपोरं, मोकळं अक्षर. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिला आणि पाण्याचा पेला घेऊन आत गेली. परत बाहेर आली नाही.

दस्तगीरभाईंनी मला चहा पाजला, बळंच भजी खायला लावली आणि स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते. "या इंजिनेर हायत. आपल्या हातनं चूक झाली म्हणून सांगायला येवढ्या लांबनं आल्या. कोण येतंय सांगा बरं आजच्या काळात?" माणसं माझ्याकडे आदरानं बघत होती. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. मी नुसती हसत राहिले. गाडी लागली तेव्हा दस्तगीरभाई गर्दीतून आधी चढले आणि खिडकीची जागा धरली.

"मंजूर हू दे, न्हाईतर न हू दे," खाली उतरून ते खिडकीशी म्हणाले. "पोरीला तुमच्यावानी माणूस बघायला मिळालं, लई झालं."

"तिला सांगा..." मी म्हणाले. तेवढ्यात गाडी हलली.

मुलाखत चांगली झाली. त्यांनी प्रोजेक्टबद्दलच विचारलं. एखादी चूक सापडली का, कशी सापडली, असंही विचारलं. मी शेवटच्या रकान्याची गोष्ट सांगितली, खेळाडूच्या घरी जाऊन आल्याचंही सांगितलं. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून समाधानानं हसले. नोकरीचं पत्र आठवड्यात आलं.

संघटनेचं उत्तर त्यानंतर आलं. चूक निर्णयानंतर निदर्शनास आली असल्यानं निकाल कायम, अर्जदारांच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. केतकी राज्य स्पर्धेला गेली. म्हैसकर सरांनी तेव्हापासून पंचाचं काम सोडलं. मी निरोप घ्यायला गेले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू लिहिलंस ते बरं केलंस." ते मनापासून म्हणाले की कसं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही.

जूनमध्ये पुण्याच्या पत्त्यावर एक आंतर्देशीय पत्र आलं. कॉलेजात विचारून त्यांनी पत्ता मिळवला होता. खाली नाव दस्तगीर नदाफांचं होतं. मजकूर असा होता, की रेश्मा दहावीला बहात्तर टक्के गुण मिळवून पास झाली. बुद्धिबळ खेळणं तिनं सोडलं आहे, आम्ही पुष्कळ सांगितलं पण ऐकत नाही. कॉम्प्युटर शिकायचं म्हणते. आमच्यात कुणाला यातलं कळत नाही. कुठल्या कॉलेजात घालावं, काय शिकवावं, ते आपण कळवावं. आपण सांगाल तसं करू. आपल्यासारखं खऱ्याला धरून चालणारं माणूस ओळखीत आहे, म्हणून विचारण्याचं धाडस केलं.

अक्षर टपोरं, मोकळं होतं. बापानं सांगितलं होतं, ते सगळं रेश्मानं लिहिलं होतं. एकही शब्द न गाळता.

त्या रविवारी मी उत्तर लिहायला बसले. मायना लिहिला, खुशाली लिहिली. मग उठले. पुढच्या रविवारी पुन्हा बसले. त्यानंतर ऑफिसचं काम वाढलं, खोली बदलली, आणि मग इतके दिवस उलटले, की आता लिहायचं तर उशिराचं कारणही द्यावं लागलं असतं.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.